‘गनिमी कावा’ हा शब्द टाकून द्यावा का?

चर्चाप्रस्ताव : मावळतीकर
शिवाजी महाराजांच्या युद्धपद्धतीला ‘गनिमी कावा’ म्हणणे आपण थांबवावे, असे माझे मत आहे. ‘गनीम’ म्हणजे शत्रू. मोगलांच्या लेखी मराठे गनीम होते आणि त्यांच्या नजरेतले हे नाव आपण अभिमानाने मिरवतो. ‘कावा’चे तर विचारायलाच नको, कारण ज्याला आपण ‘कावेबाज’ म्हणतो त्याच्याशी कोणी सोयरीक करत नाही. 1661 साली उंबरखिंडीच्या अरुंद वाटेत कारतलबखानाची फौज शिरली आणि रानात दबा धरून बसलेल्या मराठ्यांनी तिला कोंडीत पकडले. यात मुलखाची जाण आहे, शिस्त आहे. फसवणूक कुठे आहे? ‘डोंगरी युद्धतंत्र’ हे सरळ नाव पुरेसे आहे.

प्रतिसाद : जुनी दौत
असहमत. कावा हा घोडेस्वारीतलाही शब्द आहे. घोड्याला गोलाकार फेर धरायला लावणे म्हणजे कावा, आणि समोरून अंगावर न जाता वळसा घालून गाठण्याचा अर्थ त्याच्याशी चांगला जुळतो. ‘कावेबाज’ ही शिवी झाली म्हणून ‘कावा’ टाकायचा, तर ‘चालबाज’ आहे म्हणून ‘चाल’ही टाकावी लागेल. शिवाय मराठी या छटा वेगळ्या राखते : दगा विश्वास ठेवणाऱ्याला दिला जातो, कावा मात्र जो आधीच सावध असायला हवा अशा शत्रूशी केला जातो. (‘डोंगरी युद्धतंत्र’ हे नाव एखाद्या सरकारी अहवालात शोभेल.)

प्रतिसाद : तिसरी घंटा
दोघेही ‘फसवणूक’ या शब्दापासून अंग चोरत आहात. जुलै 1660 मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा असताना शरणागतीची बोलणी लावली गेली, त्यामुळे वेढा ढिला पडला, आणि महाराज विशाळगडाकडे निघाल्यावर त्यांच्या वेषातले शिवा काशीद दुसऱ्या पालखीतून शत्रूच्या हाती लागले. ही शुद्ध फसवणूक होती आणि ती करणाऱ्याने प्राण देऊन तिची किंमत मोजली. तिला सौम्य नाव देण्याची मला गरज वाटत नाही. माझा आक्षेप आजच्या बातम्यांवर आहे : पोलिसांना चुकवून चार आंदोलक मागच्या दाराने कार्यालयात शिरले, की लगेच त्यांनी ‘गनिमी काव्याने’ आंदोलन केले असे छापून येते.

प्रतिसाद : मावळतीकर
म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. वेषांतर, दबा आणि मागचे दार या तिन्हींना जो शब्द चालतो, तो उंबरखिंडीबद्दल नेमके काहीच सांगत नाही.

प्रतिसाद : जुनी दौत
बातमीदाराने शब्द स्वस्त केला, याची शिक्षा शब्दाला कशासाठी? पन्हाळ्याबद्दल एवढेच म्हणतो की शरणागतीची बोलणी लावणे वेगळे आणि बेलभंडार उचलून शपथ घेणे वेगळे. शपथ मोडली असती, तर त्याला कोणीही कावा म्हटले नसते; दगाच म्हटले असते.