हंपी सहल : संग्रहालय शुक्रवारी नको

ए-१०३ : सोसायटीच्या मंडळींनो, सहलीचा आराखडा टाकलाय. शुक्रवारी सकाळी होस्पेट, मग कमलापूरचं संग्रहालय आणि विठ्ठल मंदिर. शनिवारी विरूपाक्ष मंदिर, हेमकूट टेकडी, लोटस महाल. काही बदल हवा असेल तर आजच सांगा.

सी-४०४ : काका, दिवसांची अदलाबदल करा. पुरातत्त्व खात्याचं ते संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. शिवाय विठ्ठल मंदिर, लोटस महालाचा जनाना परिसर आणि संग्रहालय या तिन्हींना मिळून एकच तिकीट आहे, पण ते त्याच दिवसापुरतं. दोन दिवसांत विभागलं तर तिकीट दोनदा काढावं लागेल. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

ए-१०३ : बरं झालं सांगितलंस. मग शनिवारी आधी काय?

सी-४०४ : संग्रहालयच. मधल्या चौकात अख्ख्या हंपीची प्रतिकृती आहे. नदी, टेकड्या, तटबंदी वरून एकदा पाहिली की विजयनगरची राजधानी इथेच का वसवली ते कळतं. उत्तरेला तुंगभद्रा, बाकी बाजूंना धोंड्यांच्या टेकड्या. भिंत फक्त मधल्या फटींत बांधायची. हे न बघता फिरलं तर नुसते विखुरलेले दगड दिसतात.

बी-२०२ : राजवाड्याच्या भागातली पायऱ्यांची पुष्करणी चुकवू नका. तिचा दगड काळा, आजूबाजूच्या ग्रॅनाइटपेक्षा अगदी वेगळा. कडेला उभं राहून नीट पाहा, दगडांवर कन्नड खुणा कोरल्यात : कोणती बाजू, कितवी ओळ, कितवा दगड. म्हणजे दगड दुसरीकडे घडवून, खुणा घालून इथे आणून जुळवलेत. पाच टप्पे आहेत. पाणी आणणारी दगडी पन्हळही जवळच आहे.

ए-३०१ : विठ्ठल मंदिरात दगडी रथापाशी किती वेळ ठेवायचा, ताई?

बी-२०२ : वहिनी, निदान पाऊण तास. तो रथ म्हणजे गरुडाचं देऊळ आहे. अखंड दगडातला वाटतो, पण सुटे दगड जोडून केलाय, सांधे नक्षीत लपवलेत. पुढचे हत्ती नंतर बसवलेत. त्यांच्या मागे वाकून पाहा, आधीच्या घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या अजून दिसतात. रथावर विटांचं शिखरही होतं, १८५६ च्या छायाचित्रात ते आहे. सभामंडपाचे खांब ठोकले की सूर निघतात, पण ते वाजवायला मुलांना अजिबात देऊ नका. बोटांनी, नाण्यांनी ठोकून ठोकून त्यांची फार हानी झालीय.

ए-३०१ : मूर्तीचं दर्शन होईल ना?

बी-२०२ : नाही, गाभारा रिकामा आहे. विजयनगरच्या राजाने, कृष्णदेवरायाने, पंढरीची मूर्ती इथे आणली आणि भानुदासांनी ती परत नेली, अशी आपल्याकडची परंपरा. भानुदास म्हणजे एकनाथांचे पणजोबा. त्या उंबऱ्यापाशी एक अभंग म्हणूया, पेटी-टाळ नको.

सी-४०४ : वाहनतळापासून मंदिर साधारण एक किलोमीटर. बॅटरीच्या गाड्या आहेत, पण शनिवारी रांग वाढते. गुडघेदुखीवाल्यांना आधी बसवा, बाकीचे चालत निघा.

ए-१०३ : आणि शुक्रवारी?

सी-४०४ : विरूपाक्ष सकाळी. तिथे पूजा चालू असते, चपला बाहेर ठेवायच्या. दुपारी फरशी भाजते म्हणून मोजे बरोबर घ्या. केळी, प्रसाद उघड्या पिशवीत नको, माकडं थेट हिसकतात. मागच्या अंधाऱ्या खोलीत गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते : झरोका बारीक, वरून येणारा किरण खाली जातो, खालचा वर. ऊन स्वच्छ हवं, आणि दारात कोणी उभं राहू नये. मग उग्र नरसिंह. ही ६.७ मीटरची मूर्ती १५२८ ची. सूर्यास्ताला हेमकूट, विरूपाक्षाला लागूनच आहे.

ए-१०३ : ठरलं. शुक्रवार विरूपाक्ष-हेमकूट, शनिवार संग्रहालय, राजवाडा, जनाना, शेवटी विठ्ठल. बसवाल्याला आताच कळवतो.

सी-४०४ : विठ्ठल शेवटी नको काका, संग्रहालयानंतर लगेच घ्या. दुपारी उशिरा गेलं तर अर्धा वेळ गाडीच्या रांगेतच जाईल.