ग्रास कटर, टिलर दुरुस्तीचं काम शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

कातळसडा:
नमस्कार मंडळी. वय २३, गाव राजापूर तालुक्यात. आयटीआयला मेकॅनिक डिझेल केलं, मग दोन वर्षं रत्नागिरीत दुचाकीच्या गॅरेजात होतो. आजीला एकटं ठेवता येत नाही म्हणून आता घरी आलोय. आमच्या आणि आजूबाजूच्या तीन वाड्यांत मिळून पन्नासेक ग्रास कटर असतील, चार पॉवर टिलर, फवारणीचे पंप वेगळेच. बिघडलं की मशीन तालुक्याला न्यायचं आणि ऐन बेणणीत (गवत काढायच्या दिवसांत) आठ-आठ दिवस वाट बघायची. गेल्या वर्षी आमचाच कटर एका दुकानात दिला होता. बोअर-पिस्टन गेलाय म्हणाले, साडेतीन हजार घेतले. घरी आणला तर पुन्हा तेच, चालू होतो आणि पाच मिनिटांत बंद. तेव्हापासून मनात आहे की हे काम आपणच शिकावं.

वेगळा कोर्स करावा का? हातात ४० हजार आहेत, हत्यारं कोणती घेऊ? आणि वर्षभर यावर घर चालेल का?

दोरी_ओढ:
मी कुडाळकडे अठरा वर्षं हेच करतोय. आधी तुझा कटर बघू. बंद पडला की टाकीचं झाकण सैल कर आणि दोरी ओढ. लगेच चालू झाला तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. पेट्रोल जेवढं खाली उतरतं तेवढी हवा आत यावी लागते, नाही आली की पेट्रोल अडतं. करून बघ आणि इथे कळव.

आता शिकण्याचं. दुचाकीच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट (तरंगता गोळा) असतो, कटरच्या कार्बोरेटरमध्ये बहुधा पडदा (डायफ्रॅम) असतो, म्हणून तो आडवा-तिरका धरला तरी चालतो. हा पडदा कडक झाला की मशीन पिकअप घेत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त मशीनचा आजार पेट्रोलपासूनच सुरू झालेला असतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि आपल्या पावसाळी हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाला बसतं, पेट्रोलात मिसळलेलं टू-स्ट्रोकचं ऑईल मात्र वरच्या पेट्रोलातच राहतं. नळी पेट्रोल घेते तळातून, म्हणजे इंजिन ऑईलशिवाय फिरतं आणि जाम होतं. मालक म्हणतो, मी ऑईल मोजून घातलं होतं, आणि तो खरंच बोलत असतो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांग: महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी कर आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव.

ऑईलचं माप झाकणाने घेऊ देऊ नको. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. कंपनीने जे लिहिलंय तेच. आणि होंडाच्या छोट्या फोर-स्ट्रोक कटरमध्ये पेट्रोलात ऑईल घालायचंच नाही, त्याचं ऑईल खाली वेगळं असतं, जीएक्स ३५ ला फक्त १०० मिली. एवढंसं ऑईल तपासायचं राहिलं म्हणून गेलेली इंजिनं मी फार बघितलीत.

मशीन टेबलावर आलं की क्रम मोडू नकोस. करंट (प्लगची ठिणगी), पेट्रोल, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). कटर दोरीच्या मुठीने उचलून लटकव. हळूहळू, अडत अडत खाली आला तर कॉम्प्रेशन आहे, सरळ खाली गेला तर नाही. चालू होतो पण उठत नाही, असं असेल तर सायलेन्सर काढून जाळी आणि एक्झॉस्टचं तोंड बघ, कार्बनने गच्च असतं. पिस्टन बदलायची वेळ आलीच तर जुना पिस्टन वाच. एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर बहुतेक वेळा ऑईल कमी पडलंय किंवा कुठून तरी हवा ओढतोय. इनटेकच्या बाजूला असतील तर फिल्टरमधून धूळ गेली. ते कारण न शोधता नवा पिस्टन घातलास तर तोही महिन्याभरात जाईल. तुमचं साडेतीन हजारांचं काम मला असंच वाटतं.

हत्यारांत कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज, स्पार्क टेस्टर, फ्लायव्हील पुलर, टॉर्क्स बिट (स्टिल, म्हणजे Stihl कंपनीच्या मशीनला टी २७ लागतोच) आणि हाताने मारायचा प्रेशर-व्हॅक्युम पंप घे. ऑईल सील गळतंय का हे त्या पंपाशिवाय खात्रीने कळत नाही. कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर साधारण व्हिजिटिंग कार्डाएवढं, ते कार्ड घालूनच फुकटात मोजून होतं. ब्लेडचा नट आणि चेनसॉचा क्लच उलट्या आट्यांचा असतो, पहिल्या दिवशी सगळेच तो तोडतात. क्लच सोडवताना पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून सुती दोरी सोड, लोखंड कधी घालू नको. उरलेले पैसे पडदे, नळ्या, प्लग, दोऱ्या यांत घाल.

देवगडची_कलमं:
गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते. आमची हापूसची बाग आहे, तीन कटर. दुरुस्तीचे पैसे द्यायला कोणी का कू करत नाही, पण गणपतीनंतर गवत कंबरेएवढं असताना गडी बसून राहिले की जीव जातो. एक चांगला कटर बदली म्हणून ठेव आणि आमचं मशीन तुझ्याकडे असेपर्यंत भाड्याने दे. आणि काढलेला पार्ट पिशवीत घालून परत दे, सोबत काय बिघडलं होतं ते दोन ओळीत लिही. आमच्या मेकॅनिकवर सगळ्या वाडीचा विश्वास आहे तो एवढ्यासाठीच.

दोरी_ओढ:
ताई बरोबर बोलल्या. घर चालण्याचं विचारलंस ते राहिलं होतं. जून-जुलैत चिखलणी, तेव्हा टिलर. ते बहुतेक डिझेलचे, तुझं आयटीआय तिथे उपयोगी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कटर, रात्री दहापर्यंत काम. मोहोर येतो तेव्हापासून फवारणीचे पंप. मार्च ते मे सगळ्यात सैल, तेव्हा चेनसॉ आणि पाण्याचे पंप. त्या तीन महिन्यांसाठी ऑक्टोबरचे पैसे बाजूला ठेवायचे.

वाडीतला_मास्तर:
कोर्सपेक्षा एक हंगाम कोणाच्या हाताखाली काढावा असं माझं मत. तरी जिल्ह्याच्या आरसेटीत (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत) चौकशी कर, तिथलं प्रशिक्षण मोफत असतं, राहणं-जेवणही. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नको. पहिल्या वर्षी कर्ज मात्र नको.

आणि एक कळकळीने. पावसात शटर ओढून आत इंजिन चालवू नकोस. माझा चुलत भाऊ जनरेटर तपासताना असाच बेशुद्ध पडला, चहावाला आला म्हणून वाचला. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. चालू मशीन ओटीवरच.

कातळसडा:
दोरी_ओढ काका, झाकण सैल केलं आणि कटर सलग पाऊण तास चालला! भोक सुईने मोकळं केलं. आजी अंगणात उभी राहून बघत होती. सप्टेंबरमध्ये तुमच्याकडे हाताखाली आलो तर चालेल का? पगार नको.

दोरी_ओढ:
गौरी-गणपती विसर्जन झालं की ये. पगार नको म्हणू नकोस, जेवण आणि रोज देईन. येताना वाडीतले दोन बंद पडलेले, कोणाला नको असलेले कटर घेऊन ये. पहिले चार दिवस तेच उघडायचे आणि जोडायचे.