मदत हवी आहे: कॉलेजच्या हेल्थ सेंटरमध्ये गर्भपाताच्या गोळ्या मिळाव्यात, यासाठी ठराव कसा लिहायचा?

रानजाई
आमच्या कॉलेजच्या हेल्थ सेंटरमध्ये गर्भपाताच्या गोळ्या मिळायलाच हव्यात. आम्ही आठ-दहा जणी सह्या गोळा करतोय. शुक्रवारी विद्यार्थी परिषदेपुढे ठराव मांडायचा आहे आणि मसुदा माझ्या गळ्यात पडलाय. दोन पानं लिहिली, दोन्ही पुसली. कुणी असं काही लिहिलं असेल तर नमुना द्या. ‘नीट विचार कर’ असे सल्ले नकोत, विचार झालाय. प्लीज लवकर.

गोदातीर
ठरावाची गरज काय? आपल्याकडे १९७१पासून कायदा आहे. मुलगी १८ वर्षांची असेल तर फक्त तिची संमती लागते, आईवडिलांची नाही, नवऱ्याचीही नाही. नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टर गोळ्या देऊ शकतात. सप्टेंबर २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने अविवाहित मुलींनाही २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा देणाऱ्या तरतुदीत धरलं. सरळ सरकारी रुग्णालयात जा.

रानजाई
काका, मी भारतात नाही. अमेरिकेत आहे.

शमिका_बॉस्टन
अमेरिकेत कुठे? जून २०२२मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा देशभराचा हक्क काढून घेतला, तेव्हापासून प्रत्येक राज्याचं वेगळं आहे. आमच्या मॅसॅच्युसेट्सने त्याच वर्षी कायदा केला. प्रत्येक सरकारी विद्यापीठाला गोळ्या कशा पुरवणार याची योजना करून राज्याच्या आरोग्य खात्याकडे द्यावी लागली. टेक्सासमध्ये असशील तर सगळंच उलटं आहे. राज्य सांग, मग बोलू.

रानजाई
कॅलिफोर्निया. लिहिलंय असं वाटलं होतं.

अवधूत_सॅनहोजे
कॅलिफोर्नियात कुठलं? यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, कम्युनिटी कॉलेज की खासगी? उत्तर त्यावर अवलंबून आहे. एसबी २४ हा कायदा गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०१९मध्ये सही करून केला आणि १ जानेवारी २०२३पासून तो लागू आहे. यूसी आणि स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रत्येक हेल्थ सेंटरला गोळ्या द्याव्याच लागतात. कम्युनिटी कॉलेजं आणि खासगी विद्यापीठं त्यात नाहीत.

फुलवा
मी वेगळं सुचवते. व्हेंडिंग मशीन बसवायची मागणी करा. यूसी डेव्हिसला २०१७मध्ये बसवलं, त्यात गोळी मिळते. रांग नाही, कुणी प्रश्न विचारत नाही. ठरावात हेच घाला.

डॉक्टरीण_मिरज
फुलवा, थांबा. मशीनमधली ती गोळी संबंधानंतर लगेच घ्यायची, गर्भ राहू नये म्हणून. राहिलेल्या गर्भावर तिचा काही परिणाम होत नाही. रानजाई म्हणतेय त्या गोळ्या वेगळ्या: आधी मिफेप्रिस्टोन, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. माझ्या ओपीडीत मुली नेमकी हीच गफलत करून येतात आणि त्यात पंधरा दिवस जातात. ठरावात दोन्ही एकत्र आणू नका.

फुलवा
पण मशीन असेल तर पुढची वेळच येणार नाही ना! मुळावर उपाय नको का?

डॉक्टरीण_मिरज
हवाच. पण तिने तो विचारलेला नाही.

रानजाई
स्टेट युनिव्हर्सिटी आहे. कायदा आहे हे मलाही माहीत आहे, म्हणून तर चिडचिड होतेय. फेब्रुवारीत मैत्रिणीबरोबर गेले होते. काउंटरवरच्या बाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, “ती सेवा इथे नाही.” खणातून एक झेरॉक्स काढून दिली. त्यावर बाहेरच्या तीन दवाखान्यांचे पत्ते, त्यातल्या एकावर पेनाने काट. तिला सातवा आठवडा होता. सगळ्यांत लवकरची वेळ मिळाली ती नऊ दिवसांनी. दोन बस बदलून गेलो. केमिस्ट्रीच्या नोट्स मांडीवर उघड्या होत्या, पण पूर्ण वाटेत तिने एकदाही पान उलटलं नाही.

डॉक्टरीण_मिरज
नऊ दिवस फार असतात गं. तिथे या गोळ्यांची मर्यादा दहा आठवड्यांची, आणि ते मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येतं तेव्हाच चार आठवडे संपलेले असतात. ठरावात हे गणित लिही. पुरुष सभासदांना ते बहुतेक माहीत नसतं. ती आता बरी आहे ना?

रानजाई
बरी आहे.

जुना_वाचक
माझं मत पटणार नाही, तरी लिहितो. मला दोन मुली आहेत. हा निर्णय घरच्यांना अंधारात ठेवून कॉलेजच्या आवारात व्हावा, हे मला मान्य नाही. शिवाय तू व्हिसावर असशील. हल्ली साध्या गोष्टींवरून विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झालेत. शिकायला गेली आहेस, शिकून घे.

शमिका_बॉस्टन
काका, घरच्यांना सांगायचं की नाही हे त्या मुलीने ठरवायचं. मी स्वतः एकोणिसाव्या वर्षी आईला सांगू शकले नव्हते आणि माझी आई वाईट नव्हती.

जुना_वाचक
तुमच्या आईबद्दल मी काही म्हटलेलं नाही. काळजीपोटी लिहिलं.

अवधूत_सॅनहोजे
व्हिसाची काळजी मात्र खरी आहे. रानजाई, मसुदा तू लिही, पण ठराव अमेरिकन नागरिक असलेल्या मैत्रिणीने मांडू दे. आणि आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोल.
आता मुद्दा. तुम्ही चुकीची मागणी करताय! ‘सेवा सुरू करा’ म्हटलंत तर ‘विचार करू’ म्हणतील. सेवा देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. स्वतःचा स्टाफ नसेल तर बाहेरची संस्था किंवा व्हिडिओ कॉलवरचा डॉक्टर चालतो, कायद्यातच तशी सोय आहे. तयारीसाठी देणग्यांतून प्रत्येक केंद्रामागे २ लाख डॉलर ठेवले होते. म्हणून विचारायचं ते हे: कधी सुरू केली, कोण देतं, वेबसाइटवर कुठल्या पानावर आहे, काउंटरवरच्यांना कुणी काय शिकवलं? हे सगळं पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याखाली लेखी मागवता येतं, आपल्या माहिती अधिकारासारखं. कागद देणार की नाही हे १० दिवसांत कळवावं लागतं, कारण दाखवलं तर आणखी १४.

शमिका_बॉस्टन
शुक्रवारपर्यंत १० दिवस कुठून आणणार? ठराव आधी, कागद नंतर. एसबी २४ हा कायदासुद्धा विद्यार्थिनींनीच रेटला. यूसी बर्कलीच्या मुलींनी सुरुवात केली, सिनेटर कॉनी लेव्हा यांनी विधेयक आणलं. २०१८मध्ये गव्हर्नर ब्राउन यांनी व्हेटो केला. बाहेरचे दवाखाने सरासरी पाच ते सात मैलांवर आहेत, तेवढं अंतर फार नाही, असं कारण दिलं. मुली पुढच्याच वर्षी परत गेल्या. तुझ्या दोन बस हेच त्या मैलांना उत्तर आहे. पहिल्या परिच्छेदात तेच लिही.

गोदातीर
उपचार घेतल्याचं इन्शुरन्सचं पत्र घरी जात नाही का? माझी भाची तिकडे आहे, म्हणून विचारतो.

अवधूत_सॅनहोजे
कॅलिफोर्नियात जुलै २०२२पासून अशा उपचारांची पत्रं थेट पेशंटलाच पाठवावी लागतात, पॉलिसी आईवडिलांच्या नावावर असली तरी. पण भाचीने आपला पत्ता इन्शुरन्सवाल्यांना कळवून ठेवावा.

रानजाई
ही माहिती आमच्यातल्या एकीलाही नव्हती. ठरावात घेते. शीर्षक बदललं: आता ‘सुरू करा’ नाही, ‘कायदा पाळा’. ठराव दुसरी मुलगी मांडणार आहे. अवधूतदादांचे चार प्रश्न आज सकाळी रेकॉर्ड्स ऑफिसला ईमेल केले. बसबद्दल लिहू का हे मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, नाव नको, पण नऊ दिवस नक्की लिही.

सोनचाफा_२१
धागा आत्ता वाचला. मी पण अमेरिकेत आहे, आमच्या कॉलेजमध्ये हे कसं करायचं? लवकर सांगा.

शमिका_बॉस्टन
कुठलं राज्य? सरकारी की खासगी?