मदत हवी आहे: दोन सारखेच निळे, खोली पश्चिमेची (सोलापूर)

जुळे सोलापुरात घर आहे. सासूबाईंच्या खोलीला रंग द्यायचाय. खोली 10 बाय 12, खिडकी एकच आणि तीही पश्चिमेला, खाली शहाबादी फरशी. त्यांना माहेरच्या घरासारखा, चुन्यात नीळ टाकल्यावर येतो तसा फिका निळा हवाय.

शेड कार्डातून दोन काढले. दुकानात ट्यूबलाइटखाली फरक कळेना. नमुन्याचे छोटे डबे आणून भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन केले, दोन-दोन हात मारले, तेव्हा दिसलं की एक (याला 'अ' म्हणू) हिरव्याकडे झुकतो आणि 'ब' जांभळटाकडे. सकाळी 'ब' सुरेख, अगदी निळीचा. साडेपाचनंतर तांबूस ऊन आत आलं की तोच मळकट होतो, धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखा. 'अ' तेव्हा टिकतो, पण रात्री पिवळ्या बल्बखाली हिरवा मारतो. 6500 केल्विनचा पांढरा बल्ब लावला तर दोन्ही सारखेच! पण तो उजेड सासूबाईंच्या डोळ्यांना खुपतो, त्यामुळे पिवळाच राहणार.

रंगारीदादा म्हणतात, "ताई, दोन्ही सेमच आहेत, कोणता पण सांगा." सासऱ्यांचं म्हणणं, निळा दिला की खोली थंड राहते. मे महिन्यात इथला स्लॅब तव्यासारखा तापतो, त्याला आतला निळा काय करणार? गच्चीवर चुना मारून घेतलाय, तो वेगळा विषय.

विचारायचं हे की, चौकोन जुन्या पीच भिंतीवर आहेत. नारिंगी छटेशेजारी निळा आहे त्याहून जास्त निळा दिसतो, म्हणजे डोळे फसतायत का? आणि चारही भिंतींना लागल्यावर रंग गडद वाटतो म्हणतात, मग एक पायरी फिका घ्यावा का? मशीनवर मिसळलेला 4 लिटरचा डबा दुकानदार परत घेत नाही, म्हणून जीव खालीवर होतोय.

ता. क.: चौकोनांभोवती पांढरे कागद चिकटवून पाहिले. दोन्ही बरेच फिके वाटतात, म्हणजे पायरी उतरायला नको बहुतेक. आणि आत्ता लक्षात आलं, साडेपाचला सासूबाई त्या खोलीत नसतातच, खाली कट्ट्यावर असतात. रात्री 'ब' जरा करडा दिसतो, हिरवा तरी नाही. पश्चिमेच्या खोलीत असा जांभळट निळा कुणी दिलाय का? शुक्रवारी दुकानात नंबर सांगायचाय.