अनुभव धागा: केरळची सहल आखताना

फडताळ
डबे आवरताना तळाशी कुडमपुळीचे, म्हणजे केरळी कालवणात आंबटपणासाठी घालतात त्या फळाचे, चार काळे तुकडे हाताला लागले. धुरकट वास आला आणि केरळ डोळ्यांपुढे उभं राहिलं. डिसेंबर-जानेवारीची आखणी बरेच जण आता करत असतील, माहीतगारांनी इथे लिहा. कोची, मुन्नार, थेक्कडी, अलप्पुळा, त्रिवेंद्रम, कन्याकुमारी हे सगळं पाच रात्रींत कोंबू नका. मुन्नार ते थेक्कडी नकाशावर जेमतेम ९० किलोमीटर, पण घाटात साडेतीन तास सहज जातात. पुढे अलप्पुळा आणखी साडेचार-पाच तास. पाच रात्रीच असतील तर मुन्नार २, थेक्कडी १, अलप्पुळा १, फोर्ट कोची १. त्रिवेंद्रम पुढच्या खेपेला.

रूळावरचा
नेत्रावती एक्स्प्रेसनं जाणार असाल तर उलटं फिरा. ती गाडी अलप्पुळ्यावरूनच जाते. आधी हाउसबोट, मग डोंगर, आणि परतीला कोचीच्या एर्नाकुलमहून मंगला एक्स्प्रेस. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, १२० दिवस नोव्हेंबर २०२४ पासून बंद. आणखी एक, एर्नाकुलमला दोन स्टेशनं आहेत. जंक्शन म्हणजे लोकांच्या तोंडी साउथ, टाउन म्हणजे नॉर्थ. काही गाड्या फक्त टाउनला थांबतात. गाडीवाल्याला नुसतं 'एर्नाकुलम स्टेशन' सांगितलं की तो एका स्टेशनावर आणि तुम्ही दुसऱ्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या वेळा बदलतात, जुना स्क्रीनशॉट धरून चालू नका.

ताकभात
हाउसबोटीबद्दल कोणी सांगेल का? सासूबाई बरोबर आहेत, गुडघे दुखतात.

खाडीकाठ
@ताकभात, बोटीवर फळीवरून चढावं लागतं, हात धरायला माणूस हवा. खोली खालच्या मजल्यावरचीच मागा, वरचा जिना उभा असतो.
बाकीच्यांसाठी: बोट रात्रभर चालते असं समजून लोक पैसे भरतात. तसं नसतं. दुपारी १२ च्या सुमारास चढायचं, साडेपाचला बोट काठाला बांधतात, कारण त्यानंतर मच्छीमारांची जाळी पाण्यात असतात. सकाळी नाश्ता, छोटी फेरी आणि ९ ला खाली. 'डिलक्स' बोटीत एसी बहुतेक रात्री ९ ते सकाळी ६ एवढाच. दिवसाही हवा असेल तर तसं स्पष्ट विचारा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. लहान मुलं असतील तर त्यांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का तेही विचारा.
खर्च नको असेल तर अलप्पुळा जेटीवरून कोट्टायमला जाणारी सरकारी प्रवासी बोट घ्या. अडीच तास, तिकीट अगदी किरकोळ, आणि पाणी तेच.

घाटवाट
मुन्नारला जाताना उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या, वळणं सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. तिथल्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास नीलगिरी ताहर या रानशेळ्यांच्या विणीसाठी उद्यान बंद असतं, मग तिथल्या मुक्कामाची निम्मी मजा जाते.

पानाफुलं
मुन्नारच्या डोंगरावर नीलकुरिंजीची फुलं आता कधी हो?

घाटवाट
दर १२ वर्षांनी. २०१८ ला फुलली होती, म्हणजे आता २०३०.

ओसरी
फोर्ट कोचीचा दिवस शुक्रवार-शनिवारी ठेवू नका. मट्टनचेरी पॅलेस शुक्रवारी बंद, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद. कथकलीला खेळाच्या तासभर आधी जा, तोंड रंगवताना बघायला मिळतं. मला तर तेच जास्त आवडतं. त्रिवेंद्रमला गेलात तर पद्मनाभस्वामीच्या देवळात पुरुषांनी मुंडू (केरळी लुंगी) किंवा धोतर, वर उघडं. पँट चालत नाही. बायकांनी साडी. घरूनच न्या.

रूळावरचा
एक राहिलं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलेच्या यात्रेचा हंगाम. कोट्टायम, चेंगन्नूरकडच्या गाड्या भरलेल्या आणि थेक्कडीजवळच्या कुमिळीत रस्ता तुंबलेला. या दिवसांत थेक्कडीला दोन तास जादा धरा. आणि केरळची टॅक्सी कन्याकुमारीला न्यायची तर तामिळनाडूच्या परमिटचे वेगळे पैसे लागतात, ते ठरवतानाच बोला.

ताकभात
धन्यवाद सगळ्यांना. जेवणात लालसर कोमट पाणी देतात म्हणे, ते प्यायचं का?

ओसरी
बिनधास्त. पतिमुगम नावाच्या लाकडाच्या ढलप्या घालून उकळलेलं असतं.

पानाफुलं
@फडताळ ताई, कुडमपुळी म्हणजे आपलं आमसूलच ना?

फडताळ
भावंडं, पण एक नाही. ही धुरावर वाळवतात, आमसुलासारखा गुलाबी रंग सुटत नाही. अर्धा किलो सुरमईला तीन-चार तुकडे, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून पाण्यासकट घाला. चिंच अजिबात नको. कालवण मातीच्या भांड्यात करून दुसऱ्या दिवशी खा, आंबटपणा मुरलेला असतो.

पानाफुलं
आणि टिकते किती?

फडताळ
मीठ आणि थोडं खोबरेल चोळून कोरड्या बरणीत ठेवा, सहज वर्षभर. ओला चमचा मात्र घालू नका.