शाळेतला बुद्धिबळ क्लब टिकवायचा कसा?

प्रश्न (सहावीतल्या मुलीची आई, नागपूर): 2025 मध्ये आपल्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून लेकीच्या खासगी शाळेत मधल्या सुट्टीत पट मांडलेले दिसतात. तिला आंतरशालेय स्पर्धेत पदक मिळालं. पण माझा ऊर भरून आला तो तिच्या आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेवर) आलेल्या मैत्रिणीला पाहून. धाकट्यांना चाली वहीत लिहायला शिकवते, "घोडा एफ थ्री" मोठ्यानं म्हणत. हे सुरू राहावं म्हणून काय करू?

उत्तर १: ताई, डावाची वेळ मोजायची घड्याळं महाग पडतात. पालकांनी वर्गणी काढून ती घ्या आणि शाळेतच ठेवा, म्हणजे सगळ्यांना मिळतील.

उत्तर २: शनिवारी हॉल मागा. मी शिकवायला येतो, फी नको.

प्रश्नकर्ती: दादा, सोमवारीच मुख्याध्यापिकांना भेटते.