मदत हवी आहे: चीनमधल्या लीचियांगच्या हेलोंगतान तळ्यात पाणी आहे का?

निळाई: तिकिटं काढून झाली आहेत, आता तारखा बदलता येणार नाहीत, म्हणून पटकन सांगा. लीचियांगला एकच मोकळा दिवस मिळतोय आणि मला हेलोंगतान, म्हणजे काळ्या ड्रॅगनचं तळं, बघायचंय. एका फोटोत पांढरा कमानींचा पूल, मागे बर्फाचा डोंगर आणि पाण्यात दोन्हींचं प्रतिबिंब. दुसऱ्या फोटोत त्याच पुलाखाली भेगाळलेली माती! खरं कुठलं?

भटकभवानी: दोन्ही खरे. पण महिना कुठला? हे तळं झऱ्यांचं आहे, हत्ती टेकडीच्या पायथ्याशी पाणी फुटतं. तिकडे पाऊस जून ते सप्टेंबर. पाऊस ओढ देतो तेव्हा झरे आटतात. 2010 नंतरच्या दुष्काळात तळं बराच काळ कोरडं पडलं होतं.

रानवारा: तळं सोडा, लुगू सरोवराला जा! साधारण 2,690 मीटर उंचीवर आहे, लाकडाच्या लांबट नावेतून फिरवतात. तिथल्या मोसुओ लोकांत घर आईच्या नावावर चालतं. तिथे लग्नच करत नाहीत म्हणे.

भटकभवानी: "म्हणे" वर लिहू नका हो. परंपरेने पुरुष रात्री जोडीदार बाईच्या घरी जातो, सकाळी आपल्या आईकडे परततो. मुलं आईच्या घरी वाढतात, मामा सांभाळतो. नातं असतंच. आणि लुगू लीचियांगहून सुमारे 200 किमी, घाटाचा रस्ता. एका दिवसात जाऊन-येऊन काय बघणार?

रानवारा: पहाटे निघालं की जमतं, आम्ही केलंय.

भटकभवानी: तुम्ही केलंत. बरोबर कोण आहे ते त्यांनी सांगितलंय कुठे?

पासपोर्टवाला: पासपोर्ट सतत जवळ ठेवा, तिकिटांना लागतो. अलीपेला, म्हणजे तिथल्या पैसे द्यायच्या ॲपला, इथूनच कार्ड जोडा, तिथे गूगल नकाशा उघडत नाही.

निळाई: व्हिसा, अलीपे सगळं झालंय, ते विचारलंच नव्हतं. एप्रिलचा पहिला आठवडा. बरोबर आई आहे, 71 वर्षांची, गुडघे दुखतात. त्या पुलाचं चित्र असलेलं कॅलेंडरचं पान तिने कित्येक वर्षं कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलंय. तिला कोरडी माती दाखवायची नाहीये मला.

भटकभवानी: हे आधी सांगायचं ना! एप्रिल म्हणजे कोरड्या मोसमाचा शेवट, गेल्या पावसाळ्यावर सगळं ठरतं. आज मुक्कामाच्या हॉटेलला पुलाचा फोटो पाठवायला सांगा. गुडघ्यांची काळजी नको, काठाची वाट सपाट आहे. टेकडीवर चढू नका, 2,400 मीटरवर दम लागतो. सकाळी लवकर जा, ढग चढले की फोटोतला तो बर्फाचा युलोंग डोंगर दिसत नाही.

ओंजळ: पाणी कमी असलं तरी आईंना न्याच. जुन्या गावाच्या पाणचक्क्यांपासून प्रवाहाच्या उलट दिशेने चालत जा. गावातल्या गल्ल्यांमधून वाहणारं पाणी ह्याच तळ्यातून येतं. 1737 मध्ये इथे ड्रॅगन देवतेचं मंदिर बांधलं. आवारातला वुफेंग मंडप 1601 चा, तो दुसऱ्या मठातून 1979 मध्ये आणून उभारलाय. उत्तरेच्या दाराजवळ इथल्या नाशी लोकांच्या डोंगबा (म्हणजे त्यांचे पुजारी) संस्कृतीचं संग्रहालय आहे, तिथली चित्रलिपी बघायला विसरू नका. आणि गावात तीन कुंडांची विहीर शोधा: पहिल्या कुंडातलं पाणी प्यायचं, दुसऱ्यात भाजी धुवायची, तिसऱ्यात कपडे. हा क्रम मोडायचा नाही. ती बघून मला आमच्या कोकणातल्या पाटाच्या पाण्याची फार आठवण आली.

पोटोबा: तिथे शाकाहारी काय मिळतं?

निळाई: हॉटेलने आजचा फोटो पाठवला! पाणी आहे, काठोकाठ नाही, पण पुलाच्या कमानी पाण्यात दिसतायत. आईला दाखवला. ती कपाट उघडून दोन्ही फोटो शेजारी धरून बसलीय. लुगू पुन्हा कधीतरी. ओंजळ, पाणचक्क्यांपासून चालत किती वेळ लागतो? आई सावकाश चालते.

ओंजळ: आपल्या चालीने वीसेक मिनिटं. आईंबरोबर पाऊण तास धरा, बसायला जागा आहेत.